उसना विस्तव

२९ ऑक्टोबर १८३६. ऑटर ओढ्याच्या अलीकडच्या तीरावर तीन गाड्या थांबल्या. जीव सतरा.

आमच्या पेल्हॅम काउंटीचा इतिहास इथून सुरू होतो, असे मानण्याची पद्धत आहे. त्या सतरांपैकी सोळा जण टॉलिव्हर, ग्रब आणि मेरिवेदर या तीन कुटुंबांचे होते. सतरावी केझाया. वय वर्षे बारा, आईबाप नाहीत, आणि ओहायोतल्या एका न्यायाधीशाने तिला अठरा पूर्ण होईपर्यंत गिडियन टॉलिव्हर यांच्या घरी कामाला बांधून दिलेले. जुन्या वसाहतदारांच्या मेळाव्यात वक्ते 'ती पहिली सतरा माणसे' म्हणतात तेव्हा केझाया त्यांत असते. 'ती पहिली तीन घराणी' म्हणतात तेव्हा नसते. ओढ्याच्या पलीकडच्या तीरावर त्या वेळी पोटॅवाटमी या मूळ रहिवासी लोकांची वस्ती होती. ती कोणत्याच मोजणीत येत नाही.

केझायाने काउंटीसाठी काय केले, हे एका वाक्यात सांगता येते: तिने चूल विझू दिली नाही. हे वाक्य आज कोणालाही किरकोळ वाटेल, कारण काड्यापेटी आता प्रत्येकाच्या खिशात असते. त्या काळी ती आमच्याकडे पोहोचली नव्हती. आणि पोहोचल्यावरही बरीच वर्षे दमट हवेत तिचा भरवसा नसे. चकमकीने जाळ करणे भर हिवाळ्यात किती जिवावर येते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. म्हणून घरातला विस्तव विझला की कोणीतरी झाकणाचे लोखंडी भांडे घेऊन शेजाऱ्याकडे निखारे मागायला जाई. आमच्याकडे उभ्याउभ्या येऊन निघून जाणाऱ्या पाहुण्याला अजूनही विचारतात, 'विस्तव न्यायला आला होतास का?'

या व्यवहाराचे नियम कोठे लिहिलेले नव्हते, पण सर्वांना माहीत होते. नेलेला विस्तव परत करायचा नसतो. मात्र ज्याच्याकडून नेला, त्याची चूल कधी विझली आणि तो तुमच्या दाराशी आला, तर त्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही. यात दोन्ही घरांचा मान राहत असे, कारण उपकार कोणावरच साचून राहत नसे.

केझायाच्या बाबतीत मात्र हा हिशेब नेहमी एका बाजूला झुकलेला राहिला. तिच्याकडे सगळे येत. ती कोणाकडे गेल्याचे कोणी पाहिले नाही. अठरा पूर्ण होताच तिने लेम्युएल स्प्राउल या पिंपे बनवणाऱ्या कारागिराशी लग्न केले, आणि टॉलिव्हरांच्या घरातून निघताना अंगावरच्या कपड्यांखेरीज एकच गोष्ट मागून घेतली: निखाऱ्यांनी भरलेले भांडे. लेम्युएल पुढे आयुष्यभर सांगत असे, 'वरातीत नवरी माझ्या मांडीवर बसेल असं वाटलं होतं. बसलं ते भांडं. पँटला भोक पडलं ते वेगळंच.' त्या निखाऱ्यांनी तिने आपली चूल पेटवली. रोज झोपण्यापूर्वी हिकरीचा जाड ओंडका मागे सरकवून, निखारे राखेत पुरून, ती त्यांवर राखेचा जाड थर थापी, आणि पहाटे राख बाजूला सारून फुंकर घाली. पन्नास वर्षांत तो विस्तव एकदाही विझला नाही, असे ती म्हणे. तिच्या शब्दाखेरीज याला पुरावा नाही. पण तिचा शब्द खोटा पडल्याचेही उदाहरण नाही.

विस्तव ती फुकट देई. बातमी मात्र घेई. भांडे घेऊन आलेल्याला आधी बाकावर बसावे लागे. कोणाच्या घरी काय झाले, कोणाची गाय आटली, कोण कोणाशी बोलेनासे झाले, हे सांगून झाल्याशिवाय ती चिमटा हातात घेत नसे. घाई करणाऱ्याला म्हणे, 'निखारा अजून कोवळा आहे, पिकू दे जरा.' अशा रीतीने तिला ना भाऊ ना बहीण असून ती अख्ख्या काउंटीची केझीमावशी झाली. एकदा एका नव्या पाद्रीबाबांनी प्रवचनातच टोला हाणला की, काही बायका विस्तवाचे इतके स्तोम माजवतात की तो मूर्तिपूजेचाच प्रकार होय. प्रवचन संपल्यावर मावशीने त्यांना दारातच गाठले आणि नम्रपणे विचारले, 'बाबा, मग या महिन्यात तुमच्या बाईसाहेबांना माझ्याकडे तीनदा का पाठवलंत? मूर्तीच्या दर्शनाला?' पाद्रीबाबा चांगले गृहस्थ होते. ते हसले, आणि चौथ्यांदा स्वतः आले.

१८८६ साली काउंटीला पन्नास वर्षे झाली. जुन्या वसाहतदारांच्या मंडळाने ठरवले की जत्रेच्या मैदानावर पहिल्या दिवसांत होते तसे लाकडी ओंडक्यांचे घर उभारावे. १८४० पूर्वी आलेल्या प्रत्येक घराण्याने आपल्या जमिनीवरचा एक ओंडका आणावा. त्याच्या टोकावर घराण्याच्या मूळ पुरुषाचे नाव कोरले जाईल. घराला भिंतीत बसवलेली, चिमणीची मोठी चूल असेल, आणि मैदानाचा राखणदार कॉर्नेलियस डूली, जो मूळचा आयर्लंडमधला गवंडी होता, बारा महिने तिथेच राहील.

केझीमावशीला ओंडका नव्हता. लेम्युएल १८४१ साली आला होता, आणि बांधून दिलेल्या मुलीच्या नावे ओंडका मिळावा असे कोणाच्या मनातही आले नाही. तिला त्याचे वाईट वाटल्याचे दिसले नाही. तिचे लक्ष चुलीकडे होते. आता ती बासष्ट वर्षांची होती. लेम्युएल वारला होता. एकुलती मुलगी ऑर्फा हिने तिला ऑर्डवे गावात आपल्याकडे कायमचे राहायला बोलावले होते, आणि घर विकले गेले होते. ऑर्फाच्या नवऱ्याचे औषधांचे दुकान चांगले चालत असे. त्यांच्या घरात खोलीखोलीत नव्या पद्धतीचे लोखंडी स्टोव्ह होते, ज्यांत दगडी कोळसा जळे; उघडी चूल एकही नव्हती. जुन्या घराचा नवा मालक चुलीचे तोंड विटांनी बुजवून स्टोव्ह बसवणार होता. ऑगस्टच्या मेळाव्यानंतर जावई गाडी घेऊन येणार, हे ठरलेले होते. म्हणजे मैदानावरच्या घरात चूल झाली तर तो विस्तव राहणार; नाही झाली तर मेळाव्याच्या आठवड्यात तो विझणार. ऑर्फा आईला समजावत असे की आता काड्यापेटी आहे. मावशी म्हणे, 'आहे ना. तुमच्या घरी आता दुसरी म्हातारी म्हणून मीही येतेय. म्हणून काय तुझ्या सासूबाईंना बाहेर काढलं का तुम्ही?'

मंडळाचे अध्यक्ष होते आन्सेल टॉलिव्हर, गिडियनचे धाकटे चिरंजीव. ते पहिल्याच हिवाळ्यात जन्मले होते, आणि काउंटीत जन्मलेले पहिले मूल म्हणून दर मेळाव्यात त्यांना व्यासपीठावर उभे करत. मावशीने त्यांना पाळण्यात जोजवले होते. तिला नुसते 'केझी' म्हणणारे ते एकटेच उरले होते.

ओंडके येऊ लागले आणि लक्षात आले की लाकडे आठवणीत वाढत असतात. पहिली घरे चौघांना उचलता येतील अशा बेताच्या ओंडक्यांची होती. पन्नास वर्षांनंतर प्रत्येक घराण्याने आपल्या रानातले सर्वांत जाड झाड पाडले. मेरिवेदरांचा अक्रोड ओढायला बैलांच्या तीन जोड्या लागल्या. ते पाहून ग्रबांनी आपला ओंडका परत नेला आणि त्याहून जाड आणला. आन्सेलसाहेबांचा ओक सर्वांत मोठा निघाला. तो मान म्हणून उत्तरेच्या भिंतीत अगदी तळाशी बसवला. भिंती चढल्या, कोपरे खाचांत घट्ट बसले, नावे ओळीने झळकू लागली. मग सुतार करवत घेऊन आला आणि त्याने विचारले, दार कुठे पाडू?

ओंडक्यांच्या घराची रीत अशी की आधी चारही भिंती अखंड रचतात. दार, खिडकी आणि चुलीचे तोंड मागाहून करवतीने कापून काढतात. हे मंडळातल्या प्रत्येकाला माहीत होते, कारण प्रत्येकाचे बालपण अशाच घरात गेले होते. पण त्या काळी ओंडक्यांवर नावे नव्हती. आता दार म्हणजे कोणाच्या तरी वडिलांचे दोन तुकडे. दक्षिणेच्या भिंतीत दार पाडावे तर ग्रब आडवे आले, पूर्वेला मेरिवेदर. चुलीची जागा उत्तरेला ठरलेली, तिथे तळाशी गिडियन टॉलिव्हर. आन्सेलसाहेबांनी सभ्यपणे सांगितले की कोणाचाही ओंडका कापायला त्यांची हरकत नाही. फक्त वडिलांनी या काउंटीतला पहिला विस्तव चकमकीने पेटवला होता, तेव्हा त्यांचा ओंडका अखंड राहावा, हे सर्वांना पटेलच. ते कोणाला पटले नाही. दोन सभा झाल्या. एकाने छपरातून शिडीने उतरण्याची सोय सुचवली. दुसऱ्याने घराऐवजी त्याला किल्ला म्हणावे असे सुचवले. कॉर्नेलियस डूलीने एवढेच विचारले की आपण आत राहायचे आहे की आपल्याला आत पुरायचे आहे. मेळाव्याचा दिवस उजाडला तेव्हा मैदानावर एक प्रचंड, सुबक, बिनदाराची पेटी उभी होती. तिचे छप्पर त्या दिवशी समारंभाने चढवायचे होते.

सकाळी पुरुष मंडळी बँडच्या मागे मिरवणुकीत गेली, आणि बायकांनी जेवणाच्या टोपल्या उतरवल्या. घर उभारले की त्या दिवसाचे जेवण नव्या घराच्या आत मांडायचे, बाहेर नाही, ही जुनी चाल सर्वांनाच ठाऊक होती. केझीमावशीने ती जरा जास्तच काटेकोरपणे पाळायचे ठरवले. तिने दोन शिड्या मागवल्या, एक बाहेरून आणि एक आतून. स्वतः आधी चढली. खालून ऑर्फा ओरडली, 'आई, हाडं मोडतील!' त्यावर भिंतीवर बसूनच मावशी म्हणाली, 'मोडली तर आतच राहीन, तुझा एक पलंग वाचेल.' मग कोंबडीचे सारण भरून भाजलेली पाई, डुकराची भाजलेली तंगडी, मक्याची भाकरी, लोणच्यातले बीट, ब्लॅकबेरीची गोड पाई, असे सगळे हातोहात भिंतीवरून आत गेले. शेवटी आले ते निखाऱ्यांचे लोखंडी भांडे. त्यामागून शिडी चढू शकणाऱ्या सगळ्या बायका आत गेल्या, आणि त्यांनी दोन्ही शिड्या आत ओढून घेतल्या.

मिरवणूक परतली. ऊन तापले होते, भाषणे लांबली होती, आणि ओंडक्यांमधल्या फटी अजून मातीने लिंपलेल्या नव्हत्या. त्या फटींतून कोंबडीच्या पाईचा वास येत होता आणि हसण्याचा आवाजही. शिड्यांचा पत्ता नव्हता, आणि भर मेळाव्यात आपल्या बायकांच्या डोक्यावरून भिंत चढून जाण्याची कोणाची छाती नव्हती. ग्रबांच्या थोरल्याने फटीला तोंड लावून बायकोला विचारले की निदान एक तंगडी बाहेर येते का. ती म्हणाली, 'फटीतून येत नाही हो. दारातून येईल.' दक्षिणेच्या भिंतीचा वाद पंधरा मिनिटांत सुटला. दार पाडले गेले, आणि ग्रबांनी स्वतः करवतीचे एक टोक धरले. पण दाराच्या आत बायका खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. मेरिवेदरबाईंनी सर्वांच्या वतीने जाहीर केले की चूल झाल्याशिवाय पाने मांडली जाणार नाहीत; बिनचुलीच्या जागेत जेवायला हा काही तबेला नाही. पुरुषांच्या सगळ्या नजरा आन्सेलसाहेबांकडे वळल्या.

ते घराला वळसा घालून उत्तरेच्या भिंतीशी गेले. सुतार आणि डूली करवत धरून तिथेच उभे होते. पुढचे बोलणे त्या दोघांनी ऐकलेले आहे. आतल्या बाजूने फटीशी केझीमावशी बसली होती.

ते म्हणाले, "केझी, माझ्या बापाचं नाव आहे गं यावर."

"नाव टोकाला आहे. मी मधलं मागतेय."

"पहिला विस्तव त्यांनी पेटवला. निदान त्यांचा ओंडका तरी—"

मग मावशी हळू आवाजात म्हणाली, "आन्सेल, चकमक भिजली होती रे. तू दोन दिवसांचा होतास. बर्फानं बाहेरची शेकोटी विझवलेली, नव्या घरातली चूल अजून पेटलीच नव्हती, तुझी आई निळी पडलेली. तुझ्या बापानं हाताची सालं निघेपर्यंत चकमक घासली. मग तो खाली बसला आणि रडला. ते मी पाहिलं, म्हणून त्यानं मलाच पाठवलं. ओढ्यापलीकडे."

"इंडियनांकडे?"

"मग काय, ग्रबांकडे? त्यांचीही विझलेलीच होती. एका बाईनं मला आत घेतलं. माझे मोजे काढून वाळत घातले, मक्याची पेज पाजली. भांडं निखाऱ्यांनी भरून दिलं आणि ओढा उतरेपर्यंत बरोबर आली. तिच्या भाषेतलं मला काही कळलं नाही. पण निखाऱ्यावर राख कशी थापायची ते तिनंच हातानं दाखवलं. आजपर्यंत मी तशीच थापते."

आन्सेलसाहेबांनी विचारले, हे पन्नास वर्षांत का सांगितले नाहीस. ती म्हणाली, "तुझा बाप मला चांगला वागवायचा. त्याला चकमकीची गोष्ट आवडायची. तो गेला, मग तुला आवडायला लागली. आणि त्यात तू काही वाईट सांगत नव्हतास, नुसतं मोठं सांगत होतास. पण आता घर विकलं, रे. हा विस्तव मी कुठे ठेवू?"

डूली सांगतो की साहेबांनी आधी ओंडक्यावर हात ठेवला. मग त्यांनी कोट काढला, नीट घडी घालून गवतावर ठेवला, आणि सुताराच्या हातून करवत घेतली. "माझ्या बापापासून सुरू करा," ते म्हणाले. आणि फटीशी वाकून, "केझी, पाई उरलीय ना थोडी?"

"तुझ्यासाठी मोठा तुकडा ठेवलाय. लहानपणापासून हावरट तू."

दुपार कलायच्या आत चुलीचे तोंड पडले. चिमणी बांधायला डूलीला आठवडा लागला. तोवर ते भांडे त्याच्या ताब्यात होते, आणि मावशी रोज येऊन राख तपासून, त्याला नावे ठेवून जात असे. एवढ्या तपासणीपेक्षा बायको परवडली असती, असे तो म्हणे. पुढच्या वर्षी त्याने लग्न केले आणि ते मत मागे घेतले.

कापलेल्या तुकड्यांवरून काही दिवस वाद झाला आणि मग त्यांची बाके झाली. गिडियन टॉलिव्हरांच्या ओकाचा मधला तुकडा आन्सेलसाहेबांनी कोणाला दिला नाही. तो रंधा मारून, चुलीवर फळी म्हणून त्यांनी स्वतः बसवला, आणि त्यावर केझाया स्प्राउल हे नाव कोरावे असा ठराव मांडला. मावशीने तो मागे घ्यायला लावला. तिला त्यावर दुसरे काही हवे होते. त्या मजकुरावर मंडळात मात्र खरोखरच कडू बोलाचाली झाली, कारण तो कोरला की पन्नास भाषणे बदलावी लागणार होती. अखेर आन्सेलसाहेबांच्या एका जादा मताने तो मंजूर झाला. फळीवर आज असे आहे: 'या काउंटीतील पहिला विस्तव ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्यांकडून आणला.'

केझाया स्प्राउल १८९३ साली ऑर्डवेमध्ये लेकीच्या घरी वारली. शेवटची सात वर्षे तिने स्टोव्हशी अबोला धरला आणि आठवड्यातून दोनदा जावयाला गाडी जुंपायला लावून मैदानावर जाणे चालू ठेवले. त्या चुलीत आज डूलीची सून राख थापते. शाळेतली मुले मेळाव्याच्या दिवशी तिथून निखारा नेऊन मैदानावरची शेकोटी पेटवतात, आणि त्यांना आधी बाकावर बसून एक बातमी सांगावी लागते.

१८३८च्या सप्टेंबरमध्ये सरकारच्या हुकमाने बंदूकधारी स्वयंसेवक आले आणि ओढ्यापलीकडच्या लोकांना पश्चिमेकडे हाकून घेऊन गेले. त्यांच्या झोपड्या पाडल्या गेल्या. चौदा वर्षांची केझाया निखाऱ्यांचे भांडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली होती, असे तिने आन्सेलसाहेबांना पुढे सांगितले. त्या गर्दीत ती बाई तिला दिसली नाही, आणि इतर कोणाला भांडे द्यायला घोडेस्वारांनी तिला पुढे जाऊ दिले नाही. नियमाप्रमाणे चूल विझलेल्याने दाराशी यायचे असते. त्यांना आमच्या दाराशी येणे आम्हीच अशक्य केले.

त्या बाईचे नाव आम्हांला माहीत नाही. तिचा विस्तव आमच्याकडे आहे. तो अजून फेडलेला नाही.